नियत साफ आहे, पण काम चोख आहे का?

शाळेच्या हजेरीपटात काही नावं दरवर्षी असतातच. हसन, हुसेन, मोहसीन, तहसीन, एहसान, एखादी हसीना. हजेरी घेताना ही नावं पाठोपाठ आली की कानाला लगेच जाणवतं, ही सगळी एकाच घरातली आहेत. अरबीत बहुतेक शब्द तीन मुळाक्षरांतून बनतात आणि या सगळ्या नावांचं मूळ एकच आहे: ह, स, न. त्यातूनच 'हुस्न' निघतो, म्हणजे सौंदर्य. 'हसन' म्हणजे सुंदर आणि चांगला, दोन्ही. 'मोहसीन' म्हणजे भलं करणारा. 'तहसीन' म्हणजे एखादी गोष्ट आणखी चांगली करणं, किंवा तिची वाखाणणी करणं. सुंदर आणि चांगलं यांच्यामध्ये या भाषेने भिंतच घातली नाही.

याच घरातला सगळ्यात मोठा शब्द आहे 'इहसान'. त्याचा मूळ अर्थ चांगलं वागणं आणि जे करायचं ते सुंदर करणं. उर्दूत येता येता तो 'एहसान' झाला आणि आपल्या बोलण्यात त्याचा अर्थ आक्रसत गेला. आता एहसान म्हणजे फक्त उपकार. "मेरे पे एहसान मत कर" असं आपण भांडणात म्हणतो. केलेलं विसरला तर "एहसान फरामोश" म्हणतो. म्हणजे जो शब्द काम कसं करावं हे सांगत होता, तो आता कोण कोणाचं देणं लागतो याच्या हिशेबात अडकला.

मुलांना इहसान समजावताना मी एक अस्सल मराठी शब्द वापरते: चोख. सोनं चोख असतं, हिशेब चोख असतो, बंदोबस्त चोख असतो. अमुक माणसाचा व्यवहार चोख आहे असं म्हटलं की त्यात दोन गोष्टी आपोआप येतात. तो लबाडी करत नाही, आणि पै-पैचा हिशेब बरोबर ठेवतो. नुसता प्रामाणिक पण हिशेबात गोंधळ घालणारा माणूस चोख नाही, आणि हिशेबात पक्का पण लबाड माणूसही चोख नाही. उर्दूतली जाडजूड व्याख्या सांगून जे समजत नाही, ते या एका शब्दाने पाचवीच्या मुलाला समजतं.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या पालकसभेतला नेहमीचा प्रश्न. "मॅडम, पोरगा चांगला आहे ना?" या 'चांगला'चा अर्थ ठरलेला असतो: मस्ती करत नाही ना, उलट बोलत नाही ना, नमाजला जातो ना. मुलीच्या बाबतीत तर अर्थ आणखी लहान होतो. गप्प बसते म्हणजे चांगली. हे सगळं महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. पण तो काय चांगलं करतो, कोणतं काम त्याच्या हातून चोख होतं, हे फार थोडे पालक विचारतात. आणि मोठ्यांच्या जगात हाच प्रश्न उलटा फिरतो. "काम कसं का असेना, आदमी अच्छा है." गळणारा नळ दोनदा दुरुस्त करून तिसऱ्यांदा गळतो, तरी आपण असंच म्हणतो.

सुरीपासून सुरुवात

इहसानचा सर्वात प्रसिद्ध उल्लेख ज्या हदीसमध्ये आहे ती आपल्यापैकी अनेकांनी मदरशात ऐकलेली असते. पांढरेशुभ्र कपडे घातलेला एक अनोळखी माणूस येतो, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि इस्लाम म्हणजे काय, ईमान म्हणजे काय, इहसान म्हणजे काय असे प्रश्न विचारतो. तो गेल्यावर कळतं की ते हजरत जिब्रील होते. हजरत उमर (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. इहसानबद्दलचं उत्तर साधारण असं: इबादत अशी करावी जणू आपण अल्लाहला पाहत आहोत, तेवढं जमत नसेल तर तो आपल्याला पाहतो आहे एवढं तरी ध्यानात असावं.

ही गोष्ट आपण नमाजपुरती ठेवतो. पण सहीह मुस्लिममध्येच हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची एक हदीस आहे, इमाम नववी यांच्या चाळीस हदीसच्या संग्रहातही ती सतराव्या क्रमांकावर येते. तिच्यात सांगितलंय की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत इहसान लागू केला आहे. आणि लगेच उदाहरण कोणतं दिलंय? जनावर जिबह करण्याचं. सुरीला धार लावा, जनावराला आराम द्या.

मला या उदाहरणाचं फार नवल वाटतं. चांगुलपणाचं उदाहरण द्यायचं तर माणूस फुलं, लहान मुलं, गोड बोलणं असलं काही निवडेल. इथे निवडलं आहे ते काम, जिथे समोरचा जीव जाणारच आहे, तो तक्रार करणार नाही, आणि ज्याला मांस मिळणार आहे त्याला धार होती की नव्हती हे कधीच कळणार नाही. अशा जागीही काम नीट करायचं. आणि ते करायचं ते कशाने? नुसत्या दयेने नाही होत. मनात कितीही दया असली आणि सुरी बोथट असली तर त्या बकऱ्याला काय फायदा? दया इथे धारेत दिसली पाहिजे. बकरी ईदला आपल्या मोहल्ल्यात फिरणाऱ्या हौशी हातांकडे पाहिलं की ही हदीस आठवते. ज्याला येत नाही त्याने हौस म्हणून सुरी हातात घेऊ नये. कसाईभाईला बोलवावं, त्याने दोन तास उशीर केला तरी थांबावं.

"कोण बघतंय?" हा आपला रोजचा प्रश्न. "चलता है, कौन देखता है?" सिमेंटमध्ये रेती जास्त झाली, आत प्लास्टर केल्यावर कोण बघतंय. पोत्याच्या वर चांगला कांदा, खाली बारका. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतलं धान्य ओलं लागलं, तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. व्यापाऱ्याने सांगितलं, पावसाने भिजलं. मग ते वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्याला विचारलं गेलं, आणि फसवणारा आमच्यातला नाही असं बजावलं गेलं. धान्य भिजणं हा गुन्हा नव्हता. ओला भाग खाली ठेवणं हा गुन्हा होता. कुरआनमधली ८३ वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, तर मापात मारणाऱ्यांच्या नावानेच आहे: घेताना पुरेपूर घेणारे, देताना कमी देणारे.

उलट बाजूचं एक उदाहरण शिलाई मशीनवर आहे. लहान मुलांचे कपडे शिवताना चांगला शिंपी शिलाईच्या आत थोडं जादा कापड सोडतो, मूल वाढलं की उसवून सैल करता यावं म्हणून. बाहेरून ते दिसत नाही. कापड वाचवायचं म्हटलं तर सगळ्यात आधी तिथूनच वाचतं. या जादा कापडाला मराठीत 'माया' म्हणतात. शिवणकामात माया सोडतात! ज्याने कोणी हा शब्द या जागी पहिल्यांदा वापरला त्याला इहसान बरोबर कळला होता.

"पण नियत तर चांगली होती"

आता जरा अवघड भाग. आपल्या समाजात एक वाक्य सगळ्या चुका झाकायला वापरलं जातं: नियत साफ आहे. कर्मांचा आधार नियत आहे ही हदीस सहीह बुखारीतली पहिली हदीस आहे, तिचं महत्त्व कोण नाकारेल? पण तिचा उपयोग आपण कसा करतो ते पाहा. रमजानमध्ये वाटायच्या राशनच्या किटमध्ये सगळ्यात स्वस्त तांदूळ, ज्यात खडे. नियत सवाबची. फाटलेलं दप्तर, चेन गेलेलं स्वेटर गरिबाला. नियत मदतीची. सूरह अल-बकरामध्ये (आयत २६७) नेमकं हेच हटकलं आहे की जी वस्तू तुम्हाला कोणी दिली तर डोळे मिटूनच घ्याल, ती खर्च करायला निवडू नका. दादीला शुगर आहे हे माहीत असून लाडाने गुलाबजाम भरवणाऱ्या नातवाची नियतही चांगलीच असते. आई-वडिलांच्या बाबतीत कुरआनने जो शब्द वापरला तोही इहसानच आहे. म्हणजे गोळ्या कोणत्या, जेवणाआधी की नंतर, पुढची तारीख कोणती, हे कागदावर लिहून ठेवणं हाही त्यातलाच भाग.

आणि मोबाइल. गुलाबाच्या फुलावर चिकटवलेली एखादी हदीस येते, खाली किताबचं नाव नाही, रावीचं नाव नाही, आणि "दहा जणांना पाठवा" एवढं मात्र असतं. आपण पाठवतो. विचारलं की उत्तर तयार: चांगलीच गोष्ट आहे ना!

गंमत म्हणजे ज्या हदीस आपण असं बेफिकीर पुढे ढकलतो, त्या जमवणाऱ्यांनी 'चांगलीच गोष्ट आहे ना' हे कारण कधीच मान्य केलं नाही. मुहद्दिसांनी रावीला, म्हणजे हदीस सांगणाऱ्याला, दोन कसोट्या लावल्या. एक 'अदालत': माणूस सच्चा आहे का, त्याचं चारित्र्य कसं आहे. दुसरी 'ज़ब्त': त्याची स्मरणशक्ती पक्की आहे का, ऐकलेलं जसंच्या तसं सांभाळतो का, लिहिलेली वही जपतो का. दोन्हींत पास झाला तरच त्याची रिवायत सहीह. खोटारडा माणूस कितीही हुशार असला तरी बाद. आणि रात्रभर नमाज पढणारा, पण नावं आणि शब्द यांची गल्लत करणारा नेक माणूस? त्याची रिवायतही कमजोर धरली गेली. त्याच्या नेकीबद्दल आदर ठेवून.

इमाम मुस्लिम यांनी आपल्या सहीहच्या प्रस्तावनेत याह्या बिन सईद अल-कत्तान या मोठ्या मुहद्दिसांचं एक धक्कादायक मत नोंदवलं आहे. त्याचा आशय असा की नेक म्हणवणाऱ्या लोकांकडून हदीसच्या बाबतीत जेवढं असत्य बाहेर पडतं तेवढं दुसऱ्या कशात पडत नाही. इमाम मुस्लिम स्वतःच खुलासा करतात की हे लोक मुद्दाम खोटं बोलत नाहीत, ते त्यांच्या जिभेवर येतं. इमाम मालिक यांच्याबद्दलही सांगतात की मस्जिदे नबवीच्या खांबांजवळ बसणारे सत्तर जण त्यांनी पाहिले, ज्यांच्या हाती बैतुलमाल सोपवला तरी काही झालं नसतं, पण त्यांच्याकडून त्यांनी हदीस घेतली नाही, कारण हे काम त्यांचं नव्हतं.

विचार करा, केवढी कडक गोष्ट आहे ही! त्या सत्तर जणांना कोणी वाईट म्हटलं नाही. पण नेकीच्या जोरावर त्यांना हुनरचं सर्टिफिकेटही दिलं नाही. आपण मात्र शाळेच्या कमिटीवर, मस्जिदच्या बांधकामावर, पुस्तकाच्या भाषांतरावर माणूस नेमताना नेक आहे एवढंच बघतो. मग भाषांतर वाचवत नाही आणि छत गळतं.

कलाकाराचं काय?

घरात मूल चित्र काढायला, लिहायला, गायला लागलं की आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात: जायज आहे का? प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर उलमांकडून घ्यावं; मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. माझं म्हणणं एवढंच की तो पहिला प्रश्न आहे, शेवटचा नव्हे. जायज असलेलं काम भिकार केलं तर ते चांगलं काम होत नाही.

आणि मर्यादा आली की कला मरते असंही नाही. 'मशरू' नावाचं कापड याचा पुरावा आहे. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) हे हिमरूसाठी प्रसिद्ध, पण मशरूसाठीही. पुरुषांना रेशीम मना आहे. मग विणकरांनी काय केलं? उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे, आणि वीण अशी की रेशीम सगळं बाहेरच्या अंगाला यावं आणि आतल्या, कातडीला लागणाऱ्या बाजूला सूत राहावं. बाहेरून चकाकी, आतून मऊ सुती कापड, जे आपल्या उन्हाळ्यात बरंही वाटतं. नावच 'मशरू', म्हणजे शरियतने परवानगी दिलेलं. कोणी म्हणेल ही पळवाट आहे. मला तसं वाटत नाही. नियम मोडायचा असता तर सरळ रेशीम विणलं असतं. नियम पाळून सुंदर कसं करायचं यासाठी माग आणि डोकं दोन्ही चालवावं लागलं.

सुंदर दिसावंसं वाटणं हा गर्व नव्हे, हेही स्पष्ट करून ठेवलेलं आहे. एकाने विचारलं होतं की माणसाला आपले कपडे, आपले जोडे चांगले असावेत असं वाटतं, ते काय? त्यावर उत्तर मिळालं की अल्लाह स्वतः सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं. गर्व म्हणजे खरं नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. ही हदीसही सहीह मुस्लिममध्ये आहे. चित्रकलेच्या तासाला रंग नीट भरणाऱ्या मुलाला "नखरे करतोय" म्हणणाऱ्यांनी ती आठवावी.

खत्ताती, म्हणजे सुलेखन, या कलेत तर काम आणि माणूस यांचा प्रश्न अगदी उघडा होतो. उर्दू शाळांत पूर्वी तख्तीवर मश्क करायला लावत, मराठी शाळांत बोरूने कित्ता गिरवून घेत, दोन्ही एकच. उस्तादाचं अक्षर समोर ठेवायचं आणि तेच पुन्हा पुन्हा काढायचं. तुर्कस्तानच्या उस्मानी परंपरेत तर उस्तादाची 'इजाजत' मिळेपर्यंत शागिर्दाला आपल्या कामाखाली सहीसुद्धा करता येत नसे. वर्षानुवर्षं लिहा, पण नाव घालू नका. आजच्या काळात, पहिलंच चित्र काढून फोटो टाकणाऱ्या पिढीला ही गोष्ट सांगितली की मुलं हसतात. मग थोडा वेळ गप्प होतात.

अक्षरांची जी मापं अजून शिकवली जातात, त्यांचं श्रेय बगदादच्या इब्ने मुक्ला याला दिलं जातं. कलमाच्या टोकाने उमटणारा चौकोनी नुक्ता हे एकक. अलिफ किती नुक्त्यांचा, त्या अलिफच्या व्यासाचं वर्तुळ, आणि बाकीची अक्षरं त्या वर्तुळाच्या हिशेबात. म्हणजे सुंदर अक्षर हे हाताच्या लहरीवर नाही, मापावर उभं राहिलं. कुरआनची पानं इतकी रेखीव झाली त्यामागे हा हिशेब आहे. इब्नुल बव्वाब याने ही पद्धत आणखी सफाईने पुढे नेली. त्याने हिजरी ३९१ मध्ये लिहिलेला कुरआन आज आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

पण इब्ने मुक्ला माणूस कसा होता? तो अब्बासी दरबारात तीनदा वजीर झाला. त्या दरबारातलं राजकारण म्हणजे कारस्थानं, पैशांची वसुली, एकमेकांना कैदेत टाकणं, आणि तो त्यात पुरता बुडालेला होता. शेवटी त्याच्यावरच डाव उलटला. त्याचा उजवा हात तोडला गेला. सांगतात की त्याने तोडलेल्या हाताला कलम बांधून लिहिणं चालू ठेवलं. ९४० साली तो कैदेत मेला.

मुलं विचारतात, "मॅडम, मग तो चांगला होता की वाईट?" इथे मुहद्दिसांची ती दोन खानी कामाला येतात. एक खाना हाताचा, एक खाना वागणुकीचा. अक्षराचं माप बरोबर होतं, ते बरोबरच राहील; वजीर म्हणून केलेल्या गोष्टींचा हिशेब वेगळा. सुंदर अक्षर लिहिलं म्हणून तो हिशेब माफ होत नाही, आणि दरबारातल्या कारस्थानांमुळे अलिफ वाकडा होत नाही. एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यातली उधारी फेडायला वापरायची नाही. आजचे कलाकार, गायक, खेळाडू यांच्या बाबतीत आपण नेमकं तेच करत असतो. आवडता असला की वागणूक झाकतो, नावडता असला की कलाही नाकारतो. घरातसुद्धा. उत्तम बिर्याणी करणारा बावर्ची हाताखालच्या पोराला शिव्या देतो, थप्पड मारतो, आणि आपण "हातात चव आहे" म्हणून ऐकून घेतो. चव आहेच. थप्पडही आहे.

चांगली गोष्ट म्हणजे गोड गोष्ट?

मुलांना "एक चांगली गोष्ट लिहून आणा" म्हटलं की वह्यांमध्ये एकच गोष्ट येते. एक चांगला मुलगा असतो, तो म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देतो, सगळे त्याला शाबासकी देतात. कोणी खोटं बोलत नाही, कोणाला राग येत नाही, कोणी मत्सर करत नाही. गोष्ट वाचून कोणालाही काही होत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा नाही.

कुरआनने एका किश्शाला 'अहसनुल कसस' म्हटलं आहे. पाहा, तेच मूळ, ह-स-न: सर्वांत सुंदर किस्सा. तो हजरत यूसुफ (अलै.) यांचा. त्यात काय काय आहे? भावांचा मत्सर आहे. लहान भावाला विहिरीत टाकणं आहे. सदऱ्याला खोटं रक्त लावून बापाला फसवणं आहे. गुलाम म्हणून विक्री आहे, मोठ्या घरातल्या बाईचा मोह आणि खोटा आळ आहे, निरपराधाचा तुरुंगवास आहे, रडून रडून डोळे गेलेला बाप आहे. आणि हे सगळं एका पैगंबराच्या घरात घडतं, लपवलेलं नाही. शेवटी माफी येते. पण ती माफी आपल्या मनाला भिडते, कारण आधीची विहीर खरी होती.

म्हणून मुलाने गोष्टीत वाईट माणूस आणला तर घाबरू नका. एकदा सातवीतल्या एका मुलीने गोष्ट लिहिली, जिच्यात मोठी बहीण धाकटीची बक्षिसाची वही लपवते. वडील तिला म्हणाले होते, असलं घाणेरडं कशाला लिहितेस, काही चांगलं लिही. गोष्टीत वही लपवताना मोठीच्या हाताला घाम येतो हे त्या मुलीने लिहिलं होतं. ते कोणी सांगून लिहिता येत नाही. वाईटाला चांगलं म्हणून खपवणं वेगळं, आणि वाईट कसं घडतं ते खरं सांगणं वेगळं. लेखकाची 'अदालत' म्हणजे तो खरं सांगतो, आणि 'ज़ब्त' म्हणजे त्याला नीट सांगता येतं.

यातूनच शाळेच्या प्रोजेक्टचा विषय येतो. प्रोजेक्टचे चार्ट स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात, नाहीतर रात्री अकरा वाजता अम्मी-अब्बा करून देतात. आता तर निबंध मोबाइलला सांगितला की तो लिहून देतो, मराठीत, उर्दूत, हवा तसा. शुद्धलेखन मुलापेक्षा बरं. पण त्यात मुलाचं काय? वाकडा तिकडा नकाशा मुलाने स्वतः काढला असेल तर मी त्याला जास्त गुण देते, आणि वाकडा आहे हेही स्पष्ट सांगते. "वा, किती छान!" एवढं म्हणून सोडून देऊ नये. प्रेमाने खोटी तारीफ करणं हेही ओलं धान्य खाली ठेवण्यासारखंच. त्यापेक्षा विचारावं: यातला कोणता भाग तुला पुन्हा करावासा वाटतो? मुलाला तो बहुतेक वेळा आधीच माहीत असतो.

सुट्टीत औरंगाबादला जाणं झालं तर मुलांना बीबी का मकबरा दाखवा, पण एका नजरेने. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, १६६० च्या सुमाराची. गाइड आणि पोस्टकार्डं तिला 'गरिबांचा ताज' म्हणून मोकळे होतात, ते मनावर घेऊ नका. संगमरवराचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून तो खालच्या भागात आणि घुमटाला वापरला. मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, वरून बारीक चुन्याचा गिलावा. पैसा कमी पडला, पण गिलाव्याचं काम कुठे कमी पडू दिलेलं नाही. त्यात कोरलेली वेलबुट्टी जवळ जाऊन बघण्यासारखी आहे. मोठ्या दरवाजावर दोन कारागिरांची नावं आहेत: नकाशा करणारा अताउल्लाह आणि बांधकाम सांभाळणारा हंसपत राय. मुलांना भिंतीपाशी उभं करा आणि संगमरवर कुठे संपतो, गिलावा कुठे सुरू होतो, ती रेघ त्यांना शोधायला सांगा.